चुकीच्या कांद्याला बसलेला फटका

नुसत्या नजरेनं यंत्र सुधारणारा माणूस म्हणून नामपूरकडच्या पन्नास गावांत माझं नाव झालं होतं. पन्नास जास्त वाटत असतील तर पाच धरा, पण पाचाच्या खाली मी उतरणार नाही. लोक मिक्सर घेऊन यायचे, पाण्याची मोटर बैलगाडीत घालून आणायचे आणि म्हणायचे, "काही करू नका साहेब, नुसतं एकदा बघा." मी बघायचो. एका आजोबांनी तर आपलं कानातलं ऐकायचं यंत्र काढून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांना त्यानंतर ऐकू येऊ लागलं की नाही ते मी विचारलं, पण त्यांनी उत्तर दिलं नाही.

हे तेज मला कुठून आलं, ते सांगतो.

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो. कारखान्यांतल्या यंत्रांना हुकूम सोडणारे संगणक बसवणं हा माझा धंदा. सातपूरला आमच्याकडे एक मुलगी कामाला होती. इतकी हुशार, की तिनं लिहिलेला प्रोग्राम मी तपासायला घेतला की उलट माझीच परीक्षा व्हायची. लग्न होऊन ती नामपूरला गेली. नवरा सुरतेला नोकरीला, त्यामुळे घरात ती आणि सासरे. सासऱ्यांना सगळा गाव आप्पा म्हणे, म्हणून मीही आप्पाच म्हणू लागलो. आप्पांच्या मिशा अशा, की त्यांवर दोन्ही बाजूंना एकेक कांदा ठेवला तरी तोल गेला नसता.

घरी कांद्याचा व्यापार. फळ्याफळ्यांच्या साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा निवडायला बाया मिळेनात, तेव्हा सूनबाईनं ठरवलं की निवडायचं मशीन आपणच बनवायचं. म्हशींचा गोठा होता त्या शेडमध्ये तिनं पट्टा बसवला, वर कॅमेरा, पुढे हवेच्या नळ्या. आप्पांनी गोठा दिला खरा, पण पारावर चारचौघांत बोलून बसले, "पाडवालोंग चालनं तर चालनं. नही तर तठे परत म्हैस बांधसू!" म्हणजे दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मुदत. त्यानंतर मशीन बाहेर, म्हैस आत. पारावर दिलेला शब्द हा तिकडे स्टॅम्पपेपरपेक्षा जाड असतो. तिची चांगली नोकरी सोडून झाली होती, वर्षभराची मेहनत त्या शेडमध्ये उभी होती, आणि सगळं एका म्हशीच्या येण्यावर टांगलेलं होतं.

आणि नवरात्र संपता संपता तिचा फोन आला.

"सर, मशीन चांगल्या कांद्याला मारतंय."

"आणि सडक्याला?"

"सडका हसत हसत गोणीत जातोय."

मी निघालोच. बायको म्हणाली, "कांदे घेऊन या. तुमच्या फेऱ्यांतून घरात काहीतरी येऊ दे."

आता यातली गोम समजायची तर एक गोष्ट लक्षात घ्या. लोकांना वाटतं संगणक म्हणजे वेगाचा खेळ. साफ खोटं. कांद्याच्या कामाला वेग नाही, वेळ लागते. लग्नात अक्षता कितीही जोरात फेका, 'सावधान'च्या आधी फेकलीत तर पुढच्या मामांच्या टकलावरच पडणार. इथंही तसंच. कॅमेरा कांदा बघतो एका जागी, तो कांदा नळीसमोर येतो जरा पुढे. बरोबर त्या घडीला नळीतून हवेचा फटका सुटला पाहिजे. डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याच्या एखाद्या तुकड्याएवढा उशीर झाला, की सडका निसटतो आणि त्याच्या मागच्या गरीब बिचाऱ्याला फटका बसतो. आणि गोणीत एक सडका गेला की तो एकटा सडत बसत नाही, त्याला संगत लागते.

बरं, दर वेळी सारखाच उशीर झाला असता तर नळी तेवढी पुढे सरकवून आम्ही जेवायला बसलो असतो. रोज उशिरा येणारा जावई परवडतो, पान त्या हिशेबानं वाढता येतं. पण कधी वेळेवर, कधी उशिरा, आणि किती उशिरा ते देवालाही ठाऊक नाही, असा जावई घर बुडवतो. या लहरीपणाला आमच्या धंद्यात जिटर म्हणतात.

शेडमध्ये पोहोचलो तर पापुद्र्यांचा पाऊस. कांद्याची सालं हवेत अशी उडत होती, की मी तोंड उघडून नमस्कार केला आणि अर्धा कांदा पोटात गेला. मशीनच्या एका टोकाला सूनबाईचा पडदा, जिथून ती सगळं बघे; मला बघून तिनं मशीन थांबवलं. दुसऱ्या टोकाला, कांदे ओतायच्या उंच पेटाऱ्यामागे, संगणकाची अॅल्युमिनियमची पेटी. पंखा असता तर सालं आत ओढून गुदमरला असता, म्हणून बिनपंख्याची. वर नुसती पात्यांची रांग, फणीसारखी, आतली उष्णता त्या पात्यांवाटे बाहेर जावी म्हणून. त्या पेटीशेजारी क्रेट उलटा टाकून आप्पा बसलेले. खांद्यावर कुठल्याशा सत्कारात मिळालेली मरून रंगाची शाल. दाणापाणी बघणाऱ्या खंडेरायासारखे ते पट्ट्यावर थांबलेल्या प्रत्येक कांद्याकडे बघत होते.

मी पेटारा ओलांडून मागे गेलो, पेटीला तारा जोडल्या आणि म्हटलं, "चालव आता."

चाललं. असं चाललं, की सडका कांदा दिसायचा अवकाश, फट्! तासभर एकही चूक नाही.

"सर, सकाळी असं नव्हतं," ती रडवेली झाली. "शपथ सांगते. माझ्या प्रोग्राममध्ये काही असेल तर तोंडावर सांगा."

प्रोग्राम मी बघितला. दोष शोधायला भिंग नव्हे, दुर्बीण लावली असती तरी सापडला नसता. मग मी पेटीच्या स्वभावाकडे वळलो. प्रोसेसर हा जात्याच आळशी प्राणी. दोन कांद्यांच्या मध्ये सवड मिळाली की वीज वाचवण्याच्या नावाखाली डुलकी काढतो. डुलकी हलकी असेल तर हाकेसरशी उठतो, गाढ असेल तर आळोखेपिळोखे देतो. तेवढ्यात कांदा पसार. मी मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरून त्याच्या सगळ्या डुलक्या बंद केल्या. चहा प्यायलो, कांदे घेतले, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी फोन. "सर, कालच्यापेक्षा जास्त."

पुन्हा गेलो. पुन्हा तारा जोडल्या. पुन्हा मशीन शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखं सरळ.

"तुमले वळखस ते," आप्पा मिशीतून म्हणाले. तुम्हाला ओळखतं ते.

या खेपेला मी मोठा संशयित धरला. मदरबोर्डवर एक गुप्त कारभारी असतो. घरातलं तापमान, वीज, जुन्या पद्धतीचा कीबोर्ड, असली खाती त्याच्याकडे. त्याला काही खटकलं की तो सगळं काम जागच्या जागी थिजवतो, आपलं उरकतो, आणि सोडून देतो. गंमत म्हणजे थिजलेल्या प्रोग्रामला हे कळतच नाही. सून रांगोळी काढतेय, ठिपका टेकवायला बोट खाली आलंय, तेवढ्यात आतून हाक येते. ती जाते, दूध उतरवते, परत येऊन ठिपका टेकवते, आणि तिला वाटतं आपण उठलोच नव्हतो! बाहेरून बघणाऱ्याला मात्र दिसतं, की ठिपका उशिरा पडला.

मी एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला. त्याचं काम एवढंच, की सारखं घड्याळाकडे बघत राहायचं. मध्येच घड्याळ उडी मारून पुढे गेलेलं दिसलं, की समजायचं कुणीतरी आपल्याला उचलून नेऊन परत ठेवलं. कीबोर्डही उपटून टाकला, म्हणजे कारभाऱ्याचं एक खातं कमी. सूनबाई ते बघून म्हणाली, "सर, म्हणजे माझा वेळ चोरीला जातोय आणि मलाच पत्ता नाही?"

"बेटा, प्रत्येक घरात हेच चालतं," मी म्हटलं. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच उठून हात धुवायला गेलो.

मी असेपर्यंत घड्याळानं एकही उडी मारली नाही. मी परतीच्या वाटेवर सटाण्यात पोहोचायच्या आत उड्या सुरू.

इथून माझ्या नजरेची कीर्ती पसरायला लागली. आप्पांनी एक खुर्ची आणून पेटीपाशी ठेवली. "बसा भाऊ. नुसतं बसा." मी बसायचो. दोन्ही वेळचा चहा, शेंगोळे, खुडलेल्या मिरचीचा ठेचा. माझ्यासमोर मशीन गुणी बाळासारखं चाले. मग बातमी लागून लोक मिक्सर घेऊन येऊ लागले, ते वर सांगितलंच. तिथल्या एकानं तर माझा फोटो काढून आपल्या बंद पडलेल्या ट्रॅक्टरला चिकटवला. ट्रॅक्टर सुरू झाला म्हणतात. मी खोटं का सांगू?

पण सूनबाई हसत नव्हती. तिचा चेहरा दिवसेंदिवस ओढत चालला होता. कारण म्हैस आली होती. मुदत संपायच्या आधीच. आप्पांनी पारावर बोलल्याप्रमाणे आणून शेडच्या दारात बांधली होती, आणि ती म्हैस रवंथ करत आत असं बघे, जणू भाडेकरू कधी जागा खाली करतो याची वाट बघणारी मालकीण.

"आप्पा, आताच कशाला आणली?" मी विचारलं.

"बोलेल शे ना मी," ते म्हणाले. बोललोय ना मी. आणि दुसरीकडे बघू लागले. हा माणूस सुनेच्या मुळावर उठलाय, अशी माझी त्या दिवशी खात्री पटली. खरं सांगतो, मनातल्या मनात मी त्यांच्या दोन्ही मिशा कातरून टाकल्या.

मग मला एक सुचलं. उड्या कधी पडतात, ते मी फोनवर सूनबाईला नीट बघायला लावलं. सकाळी मशीन सुरू केलं की आधी सगळं सुरळीत. तास-दीड तासानं उड्या सुरू, आणि मग वाढत जायच्या.

"पेटी तापतेय," मी म्हटलं. "बिघडलं रे बिघडलं की मशीन थांबव आणि मागे जाऊन हात लावून बघ."

तिनं तसं केलं. "तापलीय सर. पण इथं शेडच तापलीय. आप्पाही तापलेत."

सापडला चोर! प्रोसेसर तापला की मदरबोर्डवरचा तो कारभारी घाबरतो. हातातलं काम थांबवून त्याला दम खायला लावतो. त्यात मीच त्याच्या डुलक्या बंद करून त्याला चोवीस तास जागं ठेवलेलं, म्हणजे आणखी तापणार. मी विजयी स्वरात सांगितलं, "टेबलफॅन लाव पेटीवर. आणि झोप निवांत."

तिनं फॅन लावला. दुसऱ्या दिवशी फोन. "सर, फॅन लावल्यापासून पार बट्ट्याबोळ. आता तर अर्ध्या तासातच."

वाऱ्यानं पेटी जास्त तापते! मी रात्रभर विचार केला असं म्हणणार होतो, पण मी गाढ झोपलो. सकाळी मात्र अकलेनं हात टेकले. पाडवा तोंडावर आला होता. मी शेवटची फेरी म्हणून निघालो.

त्या दिवशीही तेच. मी पेटीपाशी उभा, मशीन सरळ. फॅनचा वारा पात्यांवरून झुळझुळ वाहतोय, पेटी गार. आप्पा क्रेटवर, शाल खांद्यावर. मी दुपारपर्यंत थांबलो आणि हरलो. सूनबाई मला सोडायला दारापर्यंत आली. म्हशीच्या शिंगांवर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या सर. तुम्ही खूप केलंत. पाडव्यानंतर मी पुन्हा नाशिकला यायचं म्हणतेय. तुमच्याकडे एखादी जागा असेल ना?"

"तुझ्यासाठी आमच्याकडे कायम जागा आहे," मी म्हटलं, आणि गाडीची किल्ली शोधू लागलो. ती माझ्याकडे आली असती तर माझा फायदाच होता. पण मला ती माझ्याकडे नको होती. तिच्याच मशीनपाशी हवी होती.

गाडी वेशीपर्यंत गेली आणि माझ्या लक्षात आलं की रस्ता अंधुक दिसतोय. चष्मा पेटीशेजारच्या खुर्चीवर विसरलेला. ज्याची नजर पन्नास गावांत गाजते, त्याला चष्म्याशिवाय समोरची म्हैस दिसत नाही! परत फिरलो. सूनबाईनं मशीन पुन्हा चालू केलं होतं, पट्ट्याच्या आवाजात माझी गाडी कुणाला ऐकू आली नाही. मी मागच्या दारानं थेट पेटीपाशी गेलो आणि खुर्चीवरचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

आप्पा वाकून उभे होते. खांद्यावरची शाल त्यांनी उतरवली होती, आणि पेटीवर पांघरत होते. नुसती टाकत नव्हते, पांघरत होते. आधी पात्यांवर पडलेलं एकेक साल बोटानं टिपलं, फुंकर मारली. मग शाल दुपदरी केली, चारी बाजूंनी खोचली, पाळण्यातल्या बाळाच्या पायाखाली दुपटं खोचतात तशी. फॅनच्या वाऱ्यानं एक टोक उडालं, तर त्यांनी ते पुन्हा खोचलं आणि वर दगड ठेवला.

माझ्या डोक्यात एका क्षणात सगळी गणितं सुटली. मी आलो की मशीन थांबायचं, मशीन थांबलं की शाल खांद्यावर जायची, आणि मी पेटीपाशी असेपर्यंत तिथंच राहायची. सूनबाई तपासायला मागे आली, की शाल खांद्यावर. फॅन लावला तेव्हा सालं जास्त उडू लागली, म्हणून शाल दुपदरी. गुन्हेगार इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर आप्पांच्या खांद्यावर बसून होता, आणि मी त्याच्याकडे बघून चहा पीत होतो!

"आप्पा," मी म्हटलं.

ते दचकले. चोरी पकडल्यासारखे नव्हे, देवघरात कुणी मध्येच शिरावं तसे.

"कचरा जास तेन्ह्या नाकमा," ते हळूच म्हणाले. कचरा जातो त्याच्या नाकात. मग पेटीकडेच बघत बोलले, "मना सूनना जीव अडकेल शे त्यामा, भाऊ. काही व्हई जाई तर?"

माझ्या सुनेचा जीव अडकलाय त्यात. आणि मी या माणसाच्या मिशा कातरल्या होत्या. मला उमगलं, की पारावर शब्द गेला तो तोंडातून गेला, आता गिळता येत नव्हता. म्हैस आणली तीही त्या शब्दापायीच. पण मनातून त्या शेडमध्ये म्हैस यायला सगळ्यात जास्त कुणाचा विरोध असेल, तर तो आप्पांचाच.

आता यांना सांगायचं कसं? तुमच्या मायेनंच सुनेचं मशीन गुदमरतंय, असं तोंडावर कसं म्हणणार? मी क्रेटवर टेकलो.

"आप्पा, चाळीतल्या कांद्यावर तुम्ही कधी गोधडी टाकता?"

"येडा शेतस का भाऊ? वारा नही भेटना तर सडी जाई ना सगळं—"

ते मध्येच थांबले. पेटीच्या पात्यांकडे बघितलं. पात्यांमधल्या फटींकडे. चाळीच्या फळ्यांमध्ये सोडतात, अगदी तशाच फटी. मग त्यांनी दगड काढला, शाल उचलली आणि पेटीला हात लावला. तो त्यांनी झटकन मागे घेतला.

शालीची घडी करत राहिले, घडी होईना.

"सूनले सांगशात का?" शेवटी विचारलं.

"मी?" मी म्हटलं. "आप्पा, मी खरं बोललेलं आजवर कुणी ऐकलंय का?"

पट्ट्याच्या पलीकडे जाऊन मी सूनबाईला एक अशी कथा सांगितली, की मलाच माझं कौतुक वाटलं. पेटीचं तोंड ईशान्येला, टेबलफॅनचा वारा छताला आपटून उलटा, त्यात म्हशीच्या श्वासाची दमट हवा मिसळली, आणि या तिघांनी मिळून पात्यांमध्ये उष्णतेचा भोवरा धरला. उपाय एकच, पेटीला चाळीसारखं फटींचं छप्पर, आणि ते आप्पांनी स्वतःच्या हातानं ठोकायचं. माझं ऐकून ती म्हणाली, "सर, म्हशीच्या श्वासाचा जिटर मी कुठंच वाचला नाही."

"नवीन संशोधन आहे."

आप्पांनी त्याच दिवशी चाळीतल्या उरलेल्या पट्ट्यांचं छप्पर ठोकलं. साल आत येईना, वारा मात्र आरपार. घड्याळ बघत बसलेल्या माझ्या प्रोग्रामला त्यानंतर इतकी कमी कामगिरी उरली, की तो बहुधा कंटाळून मेला असेल. सडका कांदा नळीसमोर आला की फट्, चांगला आला की शांतता. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्याही, मी नाशिकला असताना.

पाडव्याला आप्पांनी पारावरची सगळी मंडळी शेडमध्ये बोलावली. म्हशीला हार, मशीनला हार, हार जरा लांबच, पात्यांवर पडू नये असा. म्हशीसाठी शेडच्या बाहेर नवं छप्पर घातलं होतं. "दोन्ही चालस आपलाकडे," आप्पा जाहीर करते झाले, आणि पारावरचा शब्द असा वाकवला, की मोडला नाही. मग नारळ पुढे आला, आणि पाठोपाठ ती मरून शाल. धुतलेली, पण कांद्याचा वास गेलेला नव्हता. आप्पांनी ती माझ्या खांद्यावर घातली आणि हात क्षणभर तसाच ठेवला, दाबून.

मंडळी जेवायला बसली तेव्हा सूनबाई माझ्या पानात पुरणपोळी वाढायला आली. वाकता वाकता तिची नजर शालीवर गेली. मरून रंगावर फिकट रेषा उमटल्या होत्या, एकीशेजारी एक, फणीच्या दातांसारख्या. दोन पदरांतून दाबून, तापून, धूळ बसून पडलेल्या. धुऊनही न निघालेल्या.

तिनं बोटानं एक रेघ चाचपली. मग दुसरी. तिथून तिनं मान वळवून पेटीकडे बघितलं, आणि मग आप्पांकडे. ते पंगतीच्या दुसऱ्या टोकाला, फटींचं छप्पर कसं ठोकलं ते कुणाला तरी हात पसरून सांगत होते.

"सर," ती हलकेच म्हणाली, "या रेषा मोजल्या ना, तर पेटीवरच्या पात्यांइतक्याच भरतील."

"मग मोजू नकोस," मी म्हटलं.

तिनं मोजल्या नाहीत. शालीचं टोक माझ्या ताटात पडत होतं, ते उचलून तिनं माझ्या खांद्यावर नीट खोचलं, आणि तुपाची वाटी घेऊन आधी आप्पांकडे गेली.